खणायची नाही अशी जमीन

बाळकुमची आमची शेती विकली तेव्हा मी दुसरीत होते. तिथं टॉवर झाले, त्यातच दादाला फ्लॅट मिळाला. आई मात्र त्याच्या घरी एकदाही गेली नाही. ती माझ्याकडे मानपाड्याला राहते. सुनेशी पटत नसेल, असं आम्ही धरून चाललेलो.

वडील गेल्यावर खडवलीची भातजमीन आम्हा तिघांच्या नावावर आली. दादानं बंगल्यांच्या प्लॉटसाठी पार्टी आणली. माझ्याच घरी सह्या व्हायच्या होत्या. आईनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"मना नाय सही कराची."

"अगं आई, तू हो म्हणालेलीस ना?" दादा म्हणाला.

मग ती बोलली. दादाच्या आधी तिला एक मुलगी झालेली. चार महिन्यांची असताना तापानं गेली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, म्हणून वडिलांनी तिला बाळकुमच्या बांधावर पुरलं. पुढे जमीन विकली, जेसीबी आला. आई साइटच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभी राहून मातीचे ट्रक भरताना बघत होती.

"कंच्या गाडीत गेली, मना ठाव नाय," ती म्हणाली. "आता कंचीच जमीन खनाची नाय."

दादा कागद तिथंच टाकून गेला. आठवड्यानं त्याचा फोन आला. "मी गाडी वरती रस्त्यावर लावतो हल्ली," तो म्हणाला. "बेसमेंटमध्ये उतरवत नाही गं."

नंतर खडवलीची जमीन कायमची राखायला त्यानंच वकील शोधला. वकील म्हणाले, "नुसतं लिहून ठेवलंत तर उद्या नातवंडं मोडतील. ट्रस्ट करा. भात पिकवा, झाडं राखा. पण विकायचं नाही, बांधायचं नाही, अशी अट घाला." परवानग्यांसाठी दोन वर्षं कल्याणला खेपा घातल्या. रजिस्ट्रेशनच्या दिवशी आईनं अट दोनदा वाचून घेतली, मग अंगठ्याचा ठसा दिला. सही येत असूनही; सही म्हणजे जमीन विकणं, असं तिच्या मनात बसलेलं.

यंदा खडवलीला कुंपण घालायला माणसं आलेली. खांबांसाठी त्यांनी पहिला खड्डा घेतला, तशी आई बांधावरून उतरली. खड्ड्याशी बसून हातानं माती चाचपत राहिली, ढेकूळ न् ढेकूळ फोडून. कोणी तिला उठवलं नाही. दादानं माणसांना परत पाठवलं.

कुंपण झालं नाही. गावातली गुरं शिरतात, कडेचं भात खातात. आम्ही हाकलत नाही.