बटणांसकट ठरलेला कोट

व्यवहार काय ठरला होता ते आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मलाच भांडकुदळ म्हणतात. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या ओट्यावर दोन सुती साड्या, एक पँट आणि राखी-निळ्या लोकरीचा एक जुना कोट यांच्या बदल्यात मी झाकणाचा मोठा स्टीलचा डबा द्यायचा, असं ठरलं होतं. कोट बटणांसकट. हे मी स्पष्ट बोलले होते आणि घरच्या काकूंनी मान हलवली होती. मग खिसे तपासते म्हणून त्या कोट आत घेऊन गेल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याच्यावर एकही बटण नव्हतं.

या गोष्टीला तिसेक वर्षं झाली. तेव्हा मी बोहारीण होते. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन कॅम्पात आणि ओझरच्या वाटेवरच्या वसाहतींत फिरायचे, जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायचे. आज भांडी बाजारात माझं स्वतःचं दुकान आहे, पाटीवर माझं नाव आहे आणि ते कोणाच्या मेहेरबानीने लागलेलं नाही. पण बटणं मी विसरले नव्हते.

आपल्याकडे कपडा बोहारणीला देण्याआधी बायका त्याची बटणं कापून घेतात. हुक, बक्कल, साडीची जर, जे काही पुन्हा लावता येईल ते एका डब्यात जमा होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या घरीही तसा डबा आहे. म्हणून तर मी आधी बोलून घेतलं होतं. राग आला की माझी नांदगावची बोली बाहेर पडते. त्या दिवशी ती इतकी बाहेर पडली की शेजारच्या बंगल्यातला माळी झारी खाली ठेवून ऐकत उभा राहिला. काकूही कमी नव्हत्या. बटणं का कोणी देतं, असा त्यांचा एकच धोशा. शेवटी मी पाटी डोक्यावर घेतली, ह्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही असं सुनावलं आणि निघाले. डबा देऊन झालाच होता, म्हणून कोट मात्र घेऊन निघाले. रागातही माल सोडायचा नसतो.

असे कोट आम्ही चिंध्यांना द्यायचो. गॅरेजवाले वजनावर घ्यायचे. पण हा कोट हातात घेतला तेव्हा बोटं थांबली. कापड घट्ट, पण हाताला मऊ. अस्तर आतून अशा बारीक टाक्यांनी बसवलेलं की शिवणाऱ्याने एक दिवस फक्त तेवढंच केलं असावं. आणि डाव्या खिशाच्या वर, छातीपाशी, एक गडद डाग होता. म्हणजे डाग नव्हे. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी शिवलेलं होतं. आजूबाजूचं कापड उन्हाने विटलं आणि झाकलेलं तेवढं मूळ रंगाचं राहिलं होतं. आकार असा, एका टोकाला गोल आणि तिथून एका बाजूला निमुळता होत गेलेला. भोवती सुईची बारीक भोकं.

तो कोट मी कापला नाही. तिथून हा नाद लागला. पुढे पाटीत एखादी हवाईदलाची जुनी टोपी आली, खांद्यावरच्या पट्ट्या आल्या, विमानवाले छातीवर लावतात ते भरतकामाचे पंख आले की मी बाजूला ठेवू लागले. घरचे म्हणायचे, चिंध्या पेटीत ठेवून वर डांबराच्या गोळ्या घालणारी ही एकच. पण हळूहळू मला कळायला लागलं. बिल्ल्यावर किंवा बटणावर मुकुट असेल तर तो देश प्रजासत्ताक होण्याच्या आधीचा माल, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. जुन्या रेशमी दोऱ्याचं टोक जाळलं तर जळक्या केसांसारखा वास येतो, आजकालच्या नकली बिल्ल्याचं जाळलं तर प्लास्टिकचा. चहात बुडवून जुने केलेले पंख तर मी नुसत्या वासाने ओळखते. एकदा एका विक्रेत्याने मला महायुद्धातली म्हणून एक टोपी दाखवली. मी ती उलटी केली. आत मशीनमध्ये कसं धुवायचं याची पट्टी शिवलेली होती. मी म्हटलं, दादा, युद्धात वॉशिंग मशीन कोणत्या बाजूने लढलं? त्याने टोपी फुकट देऊ केली, मी तीही घेतली नाही. आजचा गणवेश मात्र आमच्यापैकी कोणी घेत नाही. तो ज्याने कमावला त्यानेच घालावा.

आमच्यापैकी म्हणजे नाशिकातले जुने गणवेश जमवणारे पाच-सहा हौशी लोक. त्यांचे म्होरके गंगापूर रोडला राहणारे एक निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांच्या बैठकीच्या खोलीत कपाटंच कपाटं, आणि प्रत्येक वस्तूखाली त्यांच्या अक्षरात एक कार्ड. दर हिवाळ्यात आम्ही एका शाळेच्या सभागृहात सगळ्यांचा माल मांडतो. डॉक्टर स्वतः पाहिल्याशिवाय कशाखालीही कार्ड ठेवत नाहीत, आणि त्यांच्या कार्डाला मान आहे. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा माझा कोट नेला. इतकी वर्षं पेटीतून काढला नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर कोट शेवटच्या टेबलावर, खिडकीखाली. कार्डावर लिहिलेलं, ‘जुना गणवेश. बहुधा बँडपथकाचा.’

बँडपथकाचा. माझ्या कोटाला.

मी डॉक्टरांना जाब विचारला, आणि सभागृहातल्या सगळ्यांना तो ऐकू जाईल अशा आवाजात विचारला. डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत, त्याने तर मी अजून चिडते. त्यांचं म्हणणं असं की कापड चांगलं आहे, जुनं आहे, मान्य. पण फौजेतून निघालेले असे कोट लिलावात जायचे आणि तिथून लग्नाच्या बँडवाल्यांपर्यंत पोचायचे. छातीवरची सावली बँडच्या तुतारीच्या बिल्ल्याची नाही कशावरून? मी म्हटलं, तुतारी अशी असते का? ते म्हणाले, पंख तरी असा एकच असतो का, हे तुम्ही मला सिद्ध करून दाखवायचं, मी तुम्हाला नाही. मग जरा नरमाईने म्हणाले, “ताई, बटण आणि बिल्ला हीच कोटाची ओळख. ती आणा, कार्ड मी माझ्या हाताने बदलतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बँडचा नाही हे मला माहीत होतं, पण माझ्या एकटीला माहीत असून काय उपयोग? आमच्या मंडळात सगळे शिकलेले, पेन्शनवाले. भांडेवालीला काय कळतं, असं कोणी बोललं नाही, पण ते कार्ड बोलत होतं. आणि पुरावा कुठे असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. बटणांच्या डब्यात. ज्या ओट्यावर पाय ठेवणार नाही म्हणाले होते, त्या ओट्याच्या आत.

वर्षभर मी स्वतःशी भांडले. डिसेंबरात पुढच्या प्रदर्शनाची तारीख ठरली आणि मी पिशवी भरली. वर एक मध्यम डबा, त्याच्याखाली कापडात गुंडाळलेला मोठा आणि जाड पत्र्याचा. तो लागला तरच काढायचा. दुसऱ्या पिशवीत कोट.

बंगल्याचा रंग बदलला होता, ओटा तोच. बेल वाजवली. काकूंनीच दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, नजर मात्र तीच. अंगात मरून रंगाचा स्वेटर. आणि त्या स्वेटरला वरपासून खालपर्यंत पितळेची मोठी बटणं. उडता गरुड आणि वर मुकुट.

मी सगळं पाठ करून गेले होते. तब्येत कशी, मुलं कुठे असतात, मग हळूच जुन्या बटणांवर यायचं. पण समोर मुकुट बघून पाठ केलेलं सगळं विसरले. काकूंनी डोळे बारीक करून मला न्याहाळलं.

“तू ती झाकणवाली,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी झाकण बदलून द्यायला आलीस होय?”

मला कळेना. मग कळलं. मी त्यांच्यावर बटणांचा राग धरून होते आणि त्या माझ्यावर झाकणाचा. माझ्या डब्याचं झाकण सैल होतं, पहिल्याच उन्हाळ्यात रव्याला मुंग्या लागल्या, आणि ही बया पुन्हा फिरकली नाही, असं त्यांनी कोणाकोणाला सांगितलं होतं देव जाणे.

“झाकण घट्ट होतं,” मी म्हटलं. “तुम्हीच ते कुठेतरी आपटलं असंल.”

“आण, दाखवते.”

त्यांनी आतून डबा आणला. माझाच डबा, तळाला माझी खूण होती. झाकण त्यांनी एका बोटाने उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाकडे पाहिलंच नाही. डब्यात बटणं होती, शर्टाची, परकराची, हरतऱ्हेची, आणि त्यांच्यावर एक जाडसर भरतकामाचा पंख पालथा पडला होता. त्यात सुयाच सुया टोचलेल्या.

“हे काय आहे?” आवाज शक्य तेवढा सपाट ठेवून मी विचारलं.

“ते होय? सुया ठेवायला. आत भरलेलं आहे ना, सुया गंजत नाहीत.”

एकच पंख. मुळाशी पानांची माळ, माळेत ‘एन’ हे अक्षर आणि भोवती अर्धवट कापलेल्या दोऱ्यांची टोकं. मी कोट बाहेर काढला. काकूंनी तो ओळखला आणि पहिल्यांदाच खाली बसल्या. कोट त्यांच्या चुलत सासऱ्यांचा. ते विमानात वैमानिकामागे बसून नकाशे बघायचे आणि रस्ता सांगायचे. “आणि नाशकात रविवार कारंजावर भाजी आणायला गेले की परतताना हमखास चुकायचे,” काकू म्हणाल्या. “माझ्या सासूबाई म्हणायच्या, ह्यांना वरूनच सगळं दिसतं.” त्या हसल्या, मीही हसले, आणि क्षणभर वाटलं की आता त्या म्हणतील, घेऊन जा सगळं.

त्या म्हणाल्या, “बोल, काय देतेस?”

मला फार बरं वाटलं. असं गिऱ्हाईक हल्ली मिळत नाही. मी मध्यम डबा काढला. त्यांनी झाकण लावून डबा उलटा धरला, हलवला आणि परत दिला. पिशवीत अजून काय आहे ते काढ, म्हणाल्या. मोठा डबा काढावा लागला. झाकण इतकं घट्ट की त्यांना दोन्ही हात लावावे लागले. ते बघून मात्र त्या खूश झाल्या. त्या डब्याच्या बदल्यात पंख सुटला. सुया मी त्यांना माझ्या रुमालाच्या घडीत टोचून दिल्या.

बटणांवर मात्र त्या अडल्या. थंडीत स्वेटर उघडा टाकून बसू का, असा त्यांचा सवाल. मी तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांच्याच डब्यातली तपकिरी बटणं शोधून एकेक लावत गेले. पितळेचं एक निघालं की तपकिरी एक लागलं. काकू वरून दोऱ्याला किती वेढे दिले ते बघत होत्या. सगळ्यात वरच्या बटणाशी आले तशी त्यांनी माझा हात धरला.

“हे नाही. हे गळ्याशी बसतं. थंडी तिथूनच शिरते.”

“काकू, कोटाला समोर चार लागतात. तीनच झाली. कोट बटणांसकट ठरला व्हता.”

“आणि डबा झाकणासकट.”

मी खूप बोलले. नांदगावची बोलीही काढून पाहिली. त्यांनी बटणावर पंजा ठेवला तो ठेवलाच. शेवटी मी तीन बटणं आणि पंख घेऊन निघाले.

डॉक्टरांच्या टेबलावर मी पंख कोटावर ठेवला, सावलीवर. तो बसला. टोक टोकाशी, माळ गोलाशी. डॉक्टरांनी भिंग आणलं. कापडातल्या दोऱ्यांचे तुकडे आणि पंखाच्या कडेचे तुकडे एकाच दोऱ्याचे होते, कापड आणि भरतकाम यांच्यातली सुईची भोकं एकमेकांसमोर येत होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी एक शब्द बोलले नाही, आणि तेच मला सगळ्यात अवघड गेलं. मग त्यांनी कोरं कार्ड घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “चौथं बटण?”

मी सांगितलं.

ह्या वर्षी कोट दारासमोरच्या पहिल्या टेबलावर होता. कार्डावर लिहिलेलं, ‘भारतीय हवाईदलातील नॅव्हिगेटरचा कोट, प्रजासत्ताकापूर्वीचा. पंख आणि बटणं मूळची. एक बटण सध्या वापरात आहे.’

दुपारी काकू रिक्षाने आल्या. मरून स्वेटर, गळ्याशी ते एक बटण. कार्ड वाचून लोक कोटाकडे बघत, मग त्यांच्या गळ्याकडे. काकू अजिबात लाजल्या नाहीत. उलट खुर्ची मागून कोटाशेजारी बसल्या आणि येईल त्याला चुलत सासऱ्यांची भाजीची गोष्ट सांगू लागल्या. जाताना मला म्हणाल्या, नवं झाकण जरा जास्तच घट्ट आहे, उघडायला सुनेला बोलवावं लागतं.

मी म्हटलं, येते बघायला. थंडी सरली की येते. तेव्हा त्यांना ते बटण गळ्याशी लागणार नाही.