बोटीतली राख

नवऱ्याला कळलं नाही, जावेला कळलं नाही, पोराला अजून माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तोंडाने सांगण्याची हिंमत मला तेव्हा नव्हती, आजही नाही. लिहून होतं का, ते बघते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, दर्यापूरच्या बाजूला. थोडं खाली गेलं की अकोला जिल्हा लागतो. आम्ही भोई. माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची, हे घरचं काम. सासरे गेले आणि त्यांचा डोंगा, म्हणजे वल्हवायची लाकडी नाव, भासऱ्यांकडे आला. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, ती त्यांना सांगणार. एका घरात राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, पण मी त्यांच्याशी एक शब्द कधी बोलले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याचाच मी आडोसा घेतला.

नवरा अकोल्याला. सरकी काढायच्या जिनात इंजिनावर होता. वर्षातून दोनदा यायचा — पोळ्याला आणि दिवाळीला. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अकोल्यात त्याची एक बाई होती. मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. विहिरीवर बाया माझ्याकडे बघून पटकन घागरी भरायला लागायच्या. मी रडले वगैरे नाही. रडून काय होणार होतं?

एकसष्ट-बासष्टचं साल असेल. ग्रामपंचायतीने ठरवलं की गावाला मोटारबोट आणायची. डोंग्यात दहा माणसं, त्यातही पूर आला की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही. बोट अकोल्याच्या एका कारखान्यात तयार होणार होती, लोखंडी पत्र्याची, मागे इंजिन. आणि इंजिन चालवणार कोण? तर माझा नवरा. सरपंचानेच त्याला निरोप धाडला. पगार पंचायत देणार, राहायचं गावात.

मला हे भासऱ्यांकडून जावेला आणि जावेकडून मला कळलं. मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. पण त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ टाकलं.

जेठाच्या महिन्यात बोट ट्रकवर आली. अर्धं गाव नदीवर. उन्हाळ्यातही आमच्या डोहाला दोन पुरुष पाणी असायचं, तिथे ती उतरवली. नवरा त्याच ट्रकमध्ये बसून आला होता, अंगात नवा सदरा. कारखान्याचा मिस्त्री सोबत होता. बोटीचा हिरवा रंग इतका ताजा होता की पोरांनी हात लावले तर बोटांना लागायचा. मिस्त्रीने कागद काढला आणि सरपंचाला म्हणाला, सही करा, मी निघतो.

भासरे म्हणाले, "सही उद्या."

आमच्यात नवी नाव अशी घेत नाहीत. संध्याकाळी ती पाण्यात सोडायची, आत दगड भरायचे — जेवढी माणसं बसणार तेवढ्या वजनाचे. आणि तळाला सगळीकडे चाळलेली राख पसरायची. सकाळी राख कोरडी निघाली तर नाव घ्यायची. ओली दिसली तर जिथून आणली तिथे परत. राख आमच्याच चुलीतली, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची — ती पांढरी असते, पाण्याचा थेंब लागला तरी काळी पडते. आणि ती बघायची घरच्या बाईने. जो नाव चालवणार त्याने बघायची नाही, त्याच्या मनात नाव घ्यायचीच असते. पुरुष काठावर पाठ करून उभे राहतात. बाई एकटी आत उतरते. तिचा काही लोभ नसतो, असं धरलेलं.

मिस्त्री हसला. "लोखंडाच्या बोटीले राख? मंग चूलबी पेटवा ना आत, च्या करून पिऊ!"

सगळे हसले. भासरेही हसले, पण म्हणाले, "च्या पाजतो बाप्पा तुमाले. पन राख टाकीन."

सरपंच वैतागला. उद्या दुपारपर्यंत ट्रक परत जायचा होता. बोट नापास झाली तर तिलाही त्याच ट्रकवर चढवून न्यायची, असं ठरलं.

आता नवरा काय म्हणाला ते सांगते. त्या संध्याकाळी तो जेवायला बसला होता, मी भाकर वाढत होते. चेष्टेतच म्हणाला, "बोट वापस गेली तं मीबी ट्रकातच बसतो. इथं डोंगा वल्हवाले नाई आलो मी." असं म्हणून त्याने भाकरीचा तुकडा मोडला. एवढंच. त्याने मला धमकी दिली नाही. मला काही करायला सांगितलं नाही. मी त्याच्यावर काही ढकलत नाही.

राख बघायची ती जावेने. ती थोरली होती, तिचा मान. पण ती त्याच दिवशी बाहेरची झाली. शिवायचं नाही, नदीकडच्या कामाला हात लावायचा नाही. मग कोण? मीच उरले.

दिवस उगवायला मी नदीवर गेले. भासरे, नवरा, सरपंच, मिस्त्री, आणखी दहा-पंधरा जण काठावर पाठ करून उभे होते. जाऊ दूर बाभळीखाली बसली होती. मी लुगडं खोचून बोटीत उतरले.

पुढच्या बाजूला राख कोरडी होती. मधेही कोरडी. दगडांमधून वाकून वाकून मी मागे गेले. इंजिनाचा दांडा ज्या भोकातून खाली पाण्यात उतरतो, त्याच्या डावीकडे पत्र्याचा सांधा होता. तिथे राख काळी होती. थोडीथोडकी नाही — एका सुपाएवढी. बोट लावलं तर चिखल.

तुम्हाला वाटेल की मी घाबरले असेन, विचारात पडले असेन. तसं काही झालं नाही. मी मागे वळून बघितलं. सगळ्या पाठीच दिसत होत्या. नवऱ्याचा नवा सदरा दिसला. मी दोन्ही हातांनी तो चिखल काढला आणि पाण्यात सोडला. पदराने सांधा पुसला. पुढची कोरडी राख ओंजळीने आणून तिथे घातली — एकदा, दोनदा, तीनदा. तळहाताने सारखी केली, जसं आपण अंगण सारवताना करतो. हात नदीत धुतले. मग वर आले.

हे मी केलं.

जाऊ बाभळीखालून ओरडली, "काय व, कोरडी हाये ना?"

मी मान हलवली. होय म्हणून.

ती भासऱ्यांना म्हणाली, "कोरडी हाये म्हंते."

मी काही म्हटलं नव्हतं. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — माझ्या तोंडून खोटं निघालं नाही, मी तर तोंडच उघडलं नाही. असं मनाला समजावून माणूस किती दिवस झोपू शकतो? बरेच दिवस झोपू शकतो. मी झोपले.

भासरे म्हणाले, अजून एक रात्र राहू द्या. सरपंच म्हणाला, "तुले बोट नोकोच हाये, गड्या. तुह्या डोंग्याचा भाव जाते म्हनून रडून राह्यला तू." लोक पुन्हा हसले. भासरे खाली बघू लागले. मग म्हणाले, "घरच्या बाईनं पाह्यलं. घ्या." सरपंचाने सही केली. मिस्त्री चहा न घेताच गेला. ट्रक रिकामा गेला आणि नवरा राहिला.

तो पावसाळा माझा होता. खोटं कशाला सांगू? नवरा रोज घरी यायचा. अंगाला तेलाचा वास, मला तो आवडायचा. विहिरीवर मीही बायांशी बोलू लागले. श्रावणात मला दिवस गेले. बोटीत थोडं पाणी यायचं, नवरा डब्याने काढून टाकायचा. म्हणायचा, कोणत्या बोटीत येत नाही? मी हो म्हणायची. मला माहीत होतं की ते थोडं नाही. रोज सकाळी तो डबा घेऊन निघाला की मला कळायचं. तरी हो म्हणायची. एकदा नाही, अडीच महिने. ते एका सकाळचं असतं तर बाई चुकली असं म्हणता आलं असतं.

भादव्यात बाजाराच्या दिवशी बोट भरून निघाली. पाणी चढलेलं होतं, फार नाही. नदीच्या मधोमध मागचा सांधा उघडला. इंजिनात पाणी गेलं, ते बंद पडलं, बोट धारेत आडवी झाली आणि भरली. बरेच जण पोहून आले, काहींना डोंग्यांनी काढलं. तीन जण आले नाहीत. एक मिरच्यांचं गाठोडं घेऊन निघालेला म्हातारा. एक बाळंतपणाला माहेरी आलेली बाई. आणि शांती.

शांती भासऱ्यांची मुलगी. सोळा वर्षांची. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं होतं, बाजारात बांगड्या भरायला निघाली होती. सकाळी माझ्याकडूनच वेणी घालून घेतली तिने. घट्ट घाल काकू, म्हणाली, वाऱ्यानं सुटते.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या गावाला सापडली. वेणी सुटली नव्हती.

पोलीस आले. ओट्यावर बसून विचारू लागले — बोट घेताना तपासली कोणी? मी दाराआड उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता, त्यांना द्यायला नेत होते. सरपंच म्हणाला, यांच्या घरच्यांनी राख पाहिली. हवालदाराने विचारलं, घरचं कोण? 

भासऱ्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "म्या पाह्यली होती. राख म्याच पाह्यली."

त्यांच्या मुलीला जाळून एक दिवस झाला होता.

ते तसं का म्हणाले? घरची बाई पोलिसांपुढे उभी राहू नये म्हणून? की मी पोटुशी होते म्हणून? की त्यांना वाटलं, अडाणी बाई, बघताना चुकली असेल? की त्यांना सगळं कळलं होतं? मला माहीत नाही. विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. काठावर ते होते, सरपंच होता, पंधरा माणसं होती — सगळ्यांना माहीत होतं की राख मी पाहिली. एकानेही तोंड उघडलं नाही. भासऱ्यांनी अंगावर घेतलं ना, मग झालं. मी तांब्या खाली ठेवला आणि आत गेले. त्या दिवशी मी बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते — पण मी आत जाऊन चुलीपुढे बसले.

भासऱ्यांना तुरुंग झाला नाही. पण गावाने त्यांना सोडलं नाही. मिरचीवाल्या म्हाताऱ्याचा मुलगा येऊन दारात थुंकून गेला. पंचायतीने काम काढून घेतलं, डोंगाही काढून घेतला. ते दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, वखरायला जाऊ लागले. भोयाचा माणूस, पण नदीकडे परत गेले नाहीत. आंघोळीलाही नाही. जाऊ त्यांना म्हणायची — भांडणात, माझ्यासमोर — तुमी नीट पाह्यलं असतं तं माही शांती असती. तिला तर ठाऊक होतं बघितलं कोणी. बाभळीखालून तिनेच तर विचारलं होतं. पण लोक जे रोज म्हणतात ते बाईलाही हळूहळू खरं वाटू लागतं. की मला ऐकू यावं म्हणून म्हणायची? भासरे उठून वावराकडे निघायचे.

आणि नवरा? आठव्या दिवशी अकोल्याला गेला. मला दुसरा महिना होता. परत आला नाही. पुढे कधीतरी कळलं की तो सांधा जोडणं म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम होतं. ट्रकवर बोट गेली असती, नीट होऊन आली असती, आणि तिच्यासोबत तोही आला असता. कदाचित. मी जे धरून ठेवायला गेले, ते न धरता राहिलं असतं.

पोरगा झाला. त्याला भासऱ्यांनी वाढवलं. खांद्यावर घेऊन शाळेत नेलं, वखरून आलेल्या मजुरीतून पाटी घेतली, ताप आला तर रात्रभर उशाशी बसले. मी दाराआडून बघायची. त्यांच्या घासातला घास माझ्या पोराने खाल्ला. कधी वाटतं, हे पोर त्या राखेमुळे झालं. ती मी बदलली नसती तर ते नसतं. मग मला पश्चात्ताप कशाचा होतो — आणि खरंच होतो का?

भासरे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मरताना कोणाला काही बोलले नाहीत. जाऊही गेली. नदीवर पूल झाला. सरपंच गेला. त्या सकाळी काठावर जे होते, त्यातलं कोणी उरलेलं नाही. मला अडवायला कोणीच नाही. तरी मी सांगितलं नाही.

पोरगा आता नातवंडांना भासऱ्यांच्या गोष्टी सांगतो. मोठेबाबा देवमाणूस होते, असं म्हणतो, डोळे पुसतो. आणि शेवटी दरवेळी म्हणतो, "फक्त त्या बोटीच्या वक्ती ढिले पडले. नीट पाह्यलं नाई त्याईनं."

काल रात्री जेवताना पुन्हा म्हणाला. मी त्याला भाकर वाढली.