दोन जावई आणि दोन वॉटर पार्क

एका घराला दोन जावई असले, की किस्से जमवावे लागत नाहीत. एकाला लग्नाच्या पंगतीत वाढायला उठवलं तरी दुसरा एक किस्सा देऊन जातो! आमच्या धामणगावच्या घरी थोरली वंदनाताई अमरावतीला दिलेली, धाकटी सुनीताताई अकोल्याला. दोन्हीकडे एकेक वॉटर पार्क. नावं सांगत नाही, दोन्हीकडे नातं टिकवायचंय! दर उन्हाळ्यात पोरं पाण्यात, आणि दोघे भाऊजी रेस्टॉरंटमध्ये मेन्यू कार्ड घेऊन. कोणाकडचं स्वस्त, कोणाकडचं चांगलं?

*

अमरावतीचे भाऊजी वकील. अकोल्याच्या पार्कात त्यांनी पनीरची भाजी मागवली, चमच्याने ढवळली आणि वेटरची उलटतपासणी सुरू केली.

"आमच्याकडं याच्याहून स्वस्त भेटते. अन् तुमच्या एवढ्या महाग भाजीत पनीरचे तुकडे फक्त चार?"

वेटरने वाटीत वाकून पाहिलं.

"नाही साहेब, त्यातले दोन बटाट्याचे आहेत!"

अकोल्याचे भाऊजी म्हणाले, "पाहा! आमच्याकडं खोटं बोलत नाहीत."

*

पुढच्या वर्षी अमरावतीच्या पार्कात अनलिमिटेड थाळी होती. गर्दी एवढी की वाढपी फिरकेचना. "अनलिमिटेड काय आहे इथं? वाट पाहणं?" असं म्हणत अकोल्याचे भाऊजी उठले आणि कढीची बादली स्वतःच घेऊन आले.

आम्हाला वाढून होते न होते तोच मागच्या टेबलावरून एका आजीने हाक मारली, "ओ भाऊ, इकडं वाढा नं!" मग तिच्या शेजारच्यांनी. भाऊजी अख्खा हॉल वाढून आले.

आजीने विचारलं, "नवीन लागले काय हो?"

"हो आजी, आजच!"

*

बाहेरचे पदार्थ दोन्हीकडे बंद. तरी सुनीताताईने टॉवेलात तिखट पुऱ्या आणि ठेचा गुंडाळून नेला. गेटवरच्या गार्डने टॉवेल उलगडला.

"ताई, बाहेरचं चालत नाही."

"बाहेरचं कुठं आहे भाऊ? घरचंच आहे!"

गार्ड विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "ठेच्यात लसूण आहे काय?"

*

आई गेली त्यानंतरचा हा उन्हाळा. बाबा आयुष्यभर शाळामास्तर, जेवायला चोखंदळ. पण आता ताटावर बसायचे, अर्धी भाकर चिवडायचे आणि उठायचे. "घास फिरून राहिला तोंडात," एवढंच. दोघी ताया येऊन त्यांच्या आवडीचं करून गेल्या. काही उपयोग नाही.

मे महिन्यात अकोल्याच्या पार्काचा नंबर होता. बाबांना बळेच गाडीत बसवलं. नातवंडांनी त्यांना भाड्याची नायलॉनची चड्डी घातली आणि लाटांच्या हौदात ओढलं. आम्ही त्यांच्या पोटऱ्याही कधी उघड्या पाहिल्या नव्हत्या! पहिलीच लाट आली तशी बाबा थेट वकील भाऊजींच्या अंगावर. दोघंही पाण्याखाली. वर आले तेव्हा बाबा खोकत होते, आणि खोकता खोकता हसत होते. मोठ्याने. वंदनाताईने काठावरच तोंडाला पदर लावला.

बाहेर येऊन ते म्हणाले, "मले भूक लागली."

वकील भाऊजी तसेच निथळत, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून रेस्टॉरंटकडे पळाले. झुणका-भाकरीचं ताट घेऊन आले. बाबा खाली मान घालून जेवू लागले.

अर्ध्यात बाबांनी विचारलं, "जावईबापू, इथलं जेवण फालतू आहे म्हणत होते नं तुमी?"

वकील भाऊजींनी आज अजून घाससुद्धा चाखला नव्हता.

"एक नंबर आहे बाबा! आमच्या अमरावतीत असं भेटत नाही."

अकोल्याच्या भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कांदा फोडून बाबांच्या ताटात ठेवला.

बाबांनी ताट पुसून घेतलं.

"आणखीन एक भाकर भेटन काय?"

दोन्ही जावई एकदम उठले.