ताणाचा रकाना

माझ्या सबंध नोकरीत मला सर्वांत जास्त कोणी छळलं असेल, तर आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी. आणि त्यांची छळण्याची रीत अशी की, ते कशालाच नाही म्हणत नसत. बंगळूरच्या येलहंक्याजवळच्या एका सरकारी शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. कोणी नाही म्हटलं की मुख्याध्यापकाला दुसरा माणूस शोधावा लागतो, त्याचं डोकं चालतं राहतं. या गृहस्थांनी माझं डोकं पार गंजवून टाकलं. मतदारयादी आली, मास्तर. घरोघरची गणती आली, मास्तर. दुपारच्या जेवणात कोणाला अंडं, कोणाला केळं, कोणाला चिक्की, याची यादी रोज वर पाठवायची, तीही मास्तरच. ते निपाणीकडचे, मी पिढ्यान्‌पिढ्या इथला. शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. चारचौघांत मी ‘सर’ असे, एकटे असलो की ‘अण्णा’. “द्या की अण्णा इकडं, करतो मी,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढेपुढे ते म्हणायच्या आधीच कागद त्यांच्या हातात देऊ लागलो.

बरं, दिलेलं काम सरळ करावं, तर तेही नाही. यादी पाठवायला नेटवर्क लागे आणि ते फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी सापडे. मास्तर फोन उंच धरून टाकीच्या शिडीवर उभे राहत आणि तिथूनच खालच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत. एकदा तपासणीला आलेले साहेब व्हरांड्यात थबकून, छेद समान करायला वरून कोण सांगतंय, म्हणून बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मूल दोन दिवस आलं नाही की मास्तर स्कूटर काढून थेट बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत हजर. कन्नड, हिंदी, तेलुगू यांची भेसळ करून आईबापांशी भांडत आणि मुलाला मागे बसवून आणत. एका मुलाबरोबर शेळीसुद्धा आणली, कारण तिला राखायला घरी कोणी नव्हतं. त्या शेळीने माझ्या टेबलावरचं हजेरीपत्रक अर्धं खाल्लं. मी संतापलो, तर म्हणतात, “जाऊ द्या की ओ अण्णा, हजर होती ते तरी कळलं.” सकाळचा डबा ते साडेचारला उभ्याउभ्या खात. शेवटी शेवटी तर फळ्यासमोर खडू धरून नुसतेच उभे राहत. मुलं वाट बघत. मी एकदा खिडकीतून हे पाहिलं आणि पुढे चालू लागलो.

अशात खात्याचं परिपत्रक आलं, की शिक्षक फार थकत आहेत, तरी प्रत्येक शाळेने एका शिक्षकाला ताणमुक्तीच्या प्रशिक्षणाला पाठवावं. प्रशिक्षण रविवारी, कोरमंगलाच्या एका सभागृहात. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. कोण जाणार? मास्तर गेले. दिवसभर डोळे मिटून श्वास मोजून आले आणि येताना आणखी एक काम घेऊन आले: ताणमुक्तीचे नोडल शिक्षक. दर महिन्याला सगळ्या शिक्षकांचा ताण शून्य ते दहा यांत लिहून पाठवायचा. इतरांचे आकडे त्यांनी विचारून लिहिले. स्वतःच्या रकान्याशी येऊन थांबले.

“अण्णा, माझा काय लिहू? खरं म्हटलं तर नऊ.”

“वेडे की काय मास्तर? नऊ लिहिलं की चौकशी येते. माझी पेन्शनची कागदं वर आहेत. शून्य लिहा.”

“सरी, बरं,” म्हणाले आणि लिहिलं. खाली सही माझी. दहा महिने हेच चाललं.

मग डॉक्टरांनी त्यांना वर्षभर विश्रांती सांगितली. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा रजा मागितली आणि आम्ही दोघे गट कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्जाशेजारी ते दहा तक्ते मांडले. “तुमच्याच हातचं शून्य आहे, मेष्ट्रे. मग रजा कशाला?” मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “साहेब, ते स्वल्प विक्षिप्तच आहेत.” रजा नामंजूर झाली. त्यांच्या कागदांत ‘विक्षिप्त’ हा माझा शब्द चढला. दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. मला मात्र निरोपाचा हार मिळाला, शालही मिळाली.

गेल्या आठवड्यात मी त्याच कार्यालयात लेखी पत्र दिलं, की ती दहा शून्यं माझी आहेत. टेबलावरची मुलगी म्हणाली, “ते तर नोकरी सोडून गेले, सर. आता याचं काय करू?” मी म्हटलं, फाइलला लाव. पोच घेतली आणि प्रत घेऊन मास्तरांकडे गेलो.

त्यांनी ती दोनदा वाचली. रागावतील असं मला वाटलं होतं, किंबहुना तशी आशाच होती. वहिनींना चहा टाकायला सांगून ते म्हणाले, “हे त्या दिवशी बोलला असता, तर वर्षभर झोपून उठून परत आलो असतो की अण्णा. शाळा सोडायची नव्हती मला.” चुकलेली पायरी मुलाला दाखवावी, तसं शांतपणे म्हणाले. मग आता गणिताला कोण आहे, म्हणून विचारलं. जागा अजून रिकामीच आहे, असं मी सांगितलं. आम्ही चहा प्यायलो.