शेडनेटमधला चतुर

सुलतानपुरात शरयूला सगळे 'चतुरवाली' म्हणत. दुसरं काय म्हणणार! मेकॅनिकल इंजिनियर झालेली पोर. बरोबरीचे सगळे नोकरीसाठी पुण्याला पळाले आणि ही बया कॉलेजचा अर्धवट प्रोजेक्ट पिशवीत घालून घरी आली. प्रोजेक्ट म्हणजे चतुर किड्यासारखं पंख फडफडवत उडणारं, तळहातावर मावणारं यंत्र. उडायचं मात्र ते नाव घेत नव्हतं.

घोडं अडलं होतं पंखांच्या सांध्यापाशी. मोटर फिरते गोल आणि पंख हलायला हवेत वर-खाली, म्हणून मधे दांड्यांची जोडणी लागते. शरयूनं एकाच चाकाच्या खुंटीला दोन दांड्या अडकवल्या होत्या, एक डाव्या पंखाची, एक उजव्या. त्यामुळे डावा पंख वर पोचला तरी उजवा वाटेतच असायचा. फरक केसभराचा, पण तेवढ्यानं यंत्र कलंडायचं आणि नाकावर आपटायचं. त्यात अंगणातला वारा. वारा नाही अशी घरची एकच ऐसपैस जागा होती, आईचं शेडनेट, म्हणजे शेतातला जाळीचा मांडव.

आई, पुष्पाबाई, त्यात एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं करायची. नवरा गेल्यापासून घर त्या जाळीवरच चाललं होतं. कळी उमलायच्या आत तिच्यातले नर केसर चिमट्यानं काढायचे, मग दुसऱ्या वाणाचा पराग बोटानं लावायचा. बाहेरच्या मिरचीचा पराग एखाद्या माशीनं आणला, की बियाण्यात भेसळ झालीच म्हणून समजा. म्हणून जाळीला दोन दारं असतात, आणि एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नसतं.

"नाचव बाई तुझं खेळणं आत," पुष्पाबाई म्हणाली होती, "पण दाराचं ध्यान ठेवजो."

पुष्पाबाई मेहकरला गेली होती त्या दिवशी शरयूनं नवी जोडणी बसवली. आता सारखी दोन चाकं, दात एकमेकांत अडकून उलट दिशांनी फिरणारी. प्रत्येक पंखाला आपलं चाक, आपली दांडी. तिनं बटण दाबलं. दोन्ही पंख बरोबरीनं उठले, बरोबरीनं खाली आले, आणि चतुर मिरचीच्या ओळीवरून सरळ, अगदी सरळ गेला नि टोकाच्या जाळीला टेकून खाली पडला.

"माय! माय वं!" शरयू किंचाळली आणि धावतच सुटली. एसटी यायची वेळ झाली होती. आईला फाट्यावरच गाठायचं आणि हाताला धरून आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात. एसटी मेली नेमकी उशिरा आली.

मायलेकी हसत-बोलत परतल्या तर शेडनेटची दोन्ही दारं सताड उघडी. शेजारी भगवानरावांची साधी मिरची ऐन फुलोऱ्यात होती, आणि तिथल्या मधमाशा आत ओळी-ओळीनं फिरत होत्या. पुष्पाबाई दारातच थबकली. चतुर जाळीपाशी पडला होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

गप्प बसता आलं असतं. पुष्पाबाईनं बियाणं कंपनीच्या सुपरवायझरला, ज्ञानेश्वरला, स्वतःच फोन लावला. "माशा शिरल्या भाऊ. बियाणं साफ नाई राह्यलं." तो भला माणूस, बोलताना चाचरत होता, पण प्लॉट रद्द झाला. नियमाप्रमाणे झाडं उपटावी लागली. दोघींनी मिळून उपटली.

त्या दिवसापासून शरयूचं काहीतरी बंदच पडलं. मिरची तोडून-उपटून बोटांची आग व्हायला हवी होती, ती झाली नाही. ताटात वाढलं की जेवायची. शेजारणी येऊन हळहळायच्या, त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. आई रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती फक्त "जेव वं" म्हणायची.

एका सकाळी पुष्पाबाईनं तिला रिकाम्या शेडनेटमध्ये बोलावलं. दारं वर बांधून टाकलेली. आत नुसती ढेकळं.

"शरू, आता इथं खराब व्हाले काई उरलं नाई. आण तुझा चतुर. तू मले बोलवाले आली होती, अन् म्या तो पाह्यलाच नाई."

"मोडला, माय."

"पडला का?"

"नाई. म्याच मोडला. दगडानं ठेचला."

पुष्पाबाई मटकन खाली बसली. प्लॉट रद्द झाला, झाडं उपटली, तेव्हा जिच्या डोळ्याला पाणी आलं नाही, ती आता पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडू लागली.

"काऊन वं? काऊन मोडला? उडला होता ना तो!"

शरयू समोर उभी होती. खाली बसावं, आईला जवळ घ्यावं, हे तिला कळत होतं. पण हात काही उचलवेना.