पंपावरचा डाग

निजामाच्या राज्यात आम्ही सरकीची पोती वाहायला डिझेलची लॉरी घेतली, तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, "बैल आन् लॉरी दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची न्हाई." पण लॉरी धापा टाकायला लागली आणि जालन्याच्या एजन्सीत दुरुस्तीला न्यावीच लागली.

एजन्सीवाल्यानं इंजिन नीट पाहिलंही नाही. "पंप गया. नया डालना पडेगा."

"माझ्यासमोर बदला," मी म्हणालो.

"अंदर गिऱ्हाइकाला मनाई है. परसों आना."

माझं डोकं सटकलं. आमच्याकडं बैल ओळखू यावा म्हणून त्याच्या पुठ्ठ्यावर घराचा डाग देतात, प्रत्येक घराचा वेगळा. एजन्सीवाल्याची पाठ वळताच मी पंपाच्या खालच्या अंगाला छिन्नीनं आमचा डाग कोरला: गोल आणि त्यात उभी रेघ. जुनाच पंप पुसून बसवला, तर तिथंच मानगूट धरायची.

परत गेलो, तर इंजिन झकास चालत होतं. "बिलकुल नया," तो हसला. मी लॉरीखाली सरकलो आणि पंपावरचं तेल चिंधीनं पुसलं. आमचा डाग नव्हता. जीव भांड्यात पडला. उगाच संशय घेतला म्हणून निघणार, तेवढ्यात पुसलेल्या जागी छिन्नीनं कोरलेली फुली दिसली. ही फुली मी आष्टीच्या बाजारात बैलांच्या पुठ्ठ्यावर कितीदा पाहिली होती.

म्हणजे बिघाड किरकोळ होता, दोन्ही पंप धड होते आणि त्यानं त्यांची नुसती अदलाबदल केली होती. आणि तिकडं आष्टीत कुणीतरी लॉरीखाली उताणा पडून आमच्या डागाकडं बघत दात-ओठ खात असणार.