एक नंबरवरची ओटी

नागपूर स्टेशनला दोन तोंडं आहेत. पश्चिमेचं जुन्या दगडी इमारतीचं, ते साऱ्या गावाचं. पूर्वेचं संत्रा मार्केटकडचं, ते आमचं. आम्ही नंदनवनवाले. गाडी आठ नंबरवर येवो की एक नंबरवर, आम्ही संत्रा मार्केटच्या बाजूनंच शिरणार. एक नंबर अगदी पलीकडच्या टोकाला, दगडी इमारतीला लागून. तरी आम्ही इकडून चढणार, सामानासकट अख्खा पूल तुडवणार, धापा टाकत तिकडे उतरणार, आणि वर म्हणणार, आपल्याला हेच जवळ पडतं. ऑटोवाला फिरून न्यायला तयार असतो. आम्हीच तयार नसतो.

दुसरी एक खोड साऱ्या नागपूरचीच आहे. देशातल्या बऱ्याच गाड्या आमच्या गावावरून जातात, त्यामुळे नातेवाईक इथे उतरत नाहीत, नुसते जातात. मग त्यांना गाठायला फलाटावर जायचं. हातात डबा. गाडी थांबते तेवढ्यात डबा द्यायचा, लग्नं-बाळंतपणं विचारायची, खिडकीतून हात हलवायचा आणि घरी यायचं. माझे कितीतरी भाचे-पुतणे मी फक्त खिडकीच्या गजामागेच मोठे झालेले पाहिले आहेत. मला या प्रकाराचा पूर्वीपासून कंटाळा. पण घरात मोटरसायकल चालवणारा मीच, त्यामुळे डबे पोचवायची नोकरीही माझीच.

त्या दिवशी गाडीत मावशी होती. आईची धाकटी आणि एकुलती एक बहीण. इटारसीला दिलेली. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करायला मावसभाऊ तिला हैदराबादला नेत होता. दुपारची गाडी. डॉक्टरांनी धोका आहे असं स्पष्ट सांगितलेलं, आणि मावसभावानं ते फोनवर आईलाही स्पष्ट सांगितलं. तेवढी अक्कल कमी आहे त्याला.

आईनं सकाळीच सांगितलं, "मी येऊन राहिली स्टेशनवर. तिची ओटी भराची आहे."

मी म्हटलं, "डबा देतो ना मी. तुझे गुडघे पाहिले का?"

"डबा तू दे. ओटी काय तू भरशील?"

ओटी बाईनं बाईची भरायची. बायको शाळेत शिकवते, तिच्या परीक्षा सुरू होत्या. राहिली आई. आणि आईचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, जरी ती तोंडानं कधी बोलत नाही. मावशीच्या आयुष्यात काहीही मोठं निघालं की आई आधी तिची ओटी भरायची. प्रत्येक बाळंतपणाच्या आधी भरली. एकदा, काहीतरी अडलं म्हणून, राहून गेली. ते मूल जगलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आईच्या तोंडावर हे म्हणायची माझी छाती नाही.

बाबांनी नारळ सोलून दिला. आईनं पिशवीत खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी असं सगळं भरलं. डब्यात पुऱ्या आणि कोथिंबिरीची सांबारवडी. गुडघ्यामुळे तिला मोटरसायकलवर बसता येत नाही, म्हणून ऑटो केला. ऑटोवाल्यानं विचारलं, कोणत्या बाजूनं? आम्ही दोघंही एकदम म्हणालो, संत्रा मार्केट. मी मोबाइलमध्ये पाहिलं होतं, गाडी एक नंबरवर होती. डोळ्यांनी वाचलं होतं, आणि तरी. असे आम्ही भैताड.

स्टेशनचं काम सुरू असल्यामुळे तिथे आता दर महिन्याला नवीन भूगोल असतो. मागच्या वेळी जिथून आत गेलो तिथे पत्रे ठोकलेले. बाण एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. पत्र्यांच्या बोळातून बाहेर आलो तर समोर सरकता जिना. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्या मते तो जिना पदर खातो. लिफ्टसमोर ट्रॉलीबॅगांची रांग. मग साध्या जिन्यानं. एक पायरी, दम, एक पायरी, दम. मी पुढे जाऊन वर उभा, घड्याळ पाहतोय आणि आतून नुसता जळतोय. रागही कोणावर काढायचा? ती काही हौसेनं चढत नव्हती.

पूल लांबच लांब. खाली एकेक फलाट मागे पडत होता. पुलावर निम्मी माणसं चुकलेली असतात आणि उरलेली निम्मी त्यांना रस्ता सांगत असतात. एका माणसानं मला अजनीची गाडी विचारली, मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो. आई मागून म्हणाली, "काहून ओरडतं गा त्याच्यावर? त्यालेही कुठीतरी पोचाचंच असन ना."

एक नंबरच्या जिन्यापाशी पोचलो तेव्हा गाडी येऊन उभी होती. आईनं दोन्ही हातांनी कठडा धरला, पाय खाली टाकला आणि तिथेच अडकली. चढताना गुडघे कसेबसे चालतात, उतरताना नाही. तिनं पुन्हा पाय टाकून पाहिला. चेहरा पांढरा पडला. इथला सरकता जिना वर येणारा, तो असून नसून सारखाच. लिफ्ट पलीकडे, आणि तिच्यापुढेही रांग. मी म्हटलं, उचलून नेतो तुला. ती म्हणाली, पागल झाला का.

मग तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

"तूच भर."

"मी?"

"कुंकू लाव, ओंजळीनं तांदूळ टाक, नारळ ठेव. भरली पायजे बस. जा!"

मी धावलो. पन्नाशीच्या माणसानं फलाटावर कसं धावू नये, तसा धावलो. गाडीचे डबे माझ्या हिशोबाच्या उलटेच लागलेले. मावसभाऊ दारात उभा राहून हात करत होता, त्याच्या मागे मावशी. वाळून गेली होती बिचारी. आईला ती बाई म्हणते. माझ्यामागे कोणीच नाही हे पाहून तिनं विचारलं, "बाई कुठी आहे?"

मी पुलाकडे बोट दाखवलं. जिन्याच्या टोकाशी आई उभी होती आणि हात हलवत होती. डबा कोणता हे तिला दिसत नव्हतं, म्हणून ती भलत्याच डब्याकडे, पार इंजिनाकडे हात हलवत होती. मावशी बघत राहिली. मग म्हणाली, "म्हातारी झाली गा माही बाई."

मी डबा मावसभावाच्या हातात कोंबला आणि मावशीला म्हटलं, पदर धर. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हसली. दारात उभ्या उभ्या तिनं पदर पसरला. मी कुंकू लावलं, ते जरा नाकावर आलं. ओंजळीनं तांदूळ टाकले, खण, हळकुंड, सुपारी, वर नारळ. आजूबाजूचे पाणी भरणारे, चहा पिणारे सगळे थांबून पाहत होते. एरवी मी लाजेनं मेलो असतो. तेव्हा मला फक्त गाडी हलायच्या आत नारळ ठेवायचा होता.

गाडी हललीच. मावशीनं पदरातले मूठभर तांदूळ काढले आणि वाकून माझ्या हातात दिले. आमच्यात लेकबाळ निघताना ओटीतले थोडे दाणे माहेरी परत देते. माहेर भरलेलं राहावं आणि तिनं ते दाणे न्यायला पुन्हा यावं, म्हणून. "बाईले देजो," ती म्हणाली. तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण डबा पुढे गेला.

मी मूठ आवळून जिना चढलो. पुढच्या गाडीसाठी उतरणाऱ्यांची झुंबड समोरून अंगावर येत होती. कोणाची तरी बॅग मनगटावर आदळली. वर पोचलो आणि आईपुढे मूठ उघडली. घामानं चिकटलेले थोडेच दाणे.

"भरली?"

"भरली. हे तिनं परत दिले."

आईनं माझ्या हाताकडे पाहिलं. "एवढेच?"

"जिन्यात सांडले असतील. धक्का लागला."

तिनं माझ्याकडची पिशवी खांद्याला अडकवली, कठडा धरला, आणि ज्या जिन्यावरून मघाशी तिचा पाय खाली पडत नव्हता त्यावर ती बसली. बसून बसून एकेक पायरी खाली सरकायला लागली. लुगडं मळत होतं. माणसं आमच्यावर वैतागत बाजूनं जात होती. पहिला दाणा दिसला तसा तिनं तो बोटानं उचलून पदरात टाकला.

"आई, राहू दे ना. पायदळी आलेले तांदूळ."

"ते तिच्या परत येण्याचे दाणे होत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना असतो तसा.

मी तिच्या खालच्या पायरीवर उतरलो, गुडघे टेकले आणि वेचायला लागलो. फटींत बोटं घालून पाहिलं. लोकांचे पाय हातानं बाजूला केले. एखादा दाणा राहून जाईल, अशी भीती तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होती.